सात मार्च ते बारा जून

३ नोव्हेंबर, सोमवार

सूनबाईच्या अहवालातील पहिलेच वाक्य चुकीचे आहे. ती लिहिते, 'गुरुवार, दिनांक १६ ऑक्टोबर रोजी रुग्णालयातील लिफ्ट सरावादरम्यान अडकली.' घटना बुधवारी, १५ तारखेला घडली. गुरुवारी तक्रार आली. घटना आणि तिची तक्रार या दोन भिन्न गोष्टी होत, हे मीच तिला कधी काळी शिकवले होते. शिवाय लिफ्ट 'अडकली' नव्हती. ती पहिल्या मजल्यावर येऊन व्यवस्थित थांबली. तिचे दार उघडले नाही. आत चाकांच्या खुर्चीतील एक बाई आणि एक परिचारिका अकरा मिनिटे कोंडल्या गेल्या. बाईंची शुद्ध हरपली. आता त्या घरी आहेत आणि बऱ्या आहेत.

अहवाल चौकशी समितीसाठी आहे. बैठक २४ तारखेला. समितीने ठरवले तर सूनबाईचा स्वाक्षरीचा अधिकार जाईल, आणि ज्या कंपनीत लिफ्टच्या आज्ञावलीवर सही करता येत नाही तिथे तिने करायचे काय? चिरंजीव जहाजावर आहेत. फेब्रुवारीपर्यंत परतणार नाहीत. त्यांना अद्याप कळवलेले नाही.

मुद्दे क्रमाने मांडल्यावाचून मला विचार करता येत नाही, म्हणून मांडतो. आमच्या कंपनीत प्रत्येक इमारतीच्या लिफ्टचे एक मॉडेल असते: मजले किती, दारे कुठे, आग लागल्यास कोणते दार उघडे राहावे आणि कोणते बंद. त्या मॉडेलवरून नियंत्रणाची आज्ञावली आपोआप लिहिली जाते. लिहिणाऱ्या साधनाला मी 'लेखनिक' असे नाव दिले होते. ते अजून टिकून आहे. मॉडेलमध्ये काय लिहिता येते आणि काय येत नाही, हे ठरवते ते मेटामॉडेल. सोप्या शब्दांत, मॉडेल हे वाक्य आणि मेटामॉडेल हे त्याचे व्याकरण. ते व्याकरण मी रचले. निवृत्त होईपर्यंत त्याच्या सहा आवृत्त्या केल्या. सातवी सूनबाईच्या चमूने यंदा केली.

व्याकरण बदलले की काल शुद्ध असलेली वाक्ये आज अशुद्ध ठरतात. मग ती सर्व नव्या नियमांत बसवून घ्यावी लागतात. इथे सहाशे चाळीस मॉडेले बसवली गेली. सहाव्या आवृत्तीपर्यंत दाराची 'आगीच्या वेळी' ही जागा रिकामी ठेवता येई. सातवीत येत नाही. म्हणून रूपांतर करताना रिकाम्या जागांत सरसकट 'बंद' भरले गेले. तपासणीत सहाशे चाळीसही मॉडेले शुद्ध ठरली. जुलैत नव्या आज्ञावल्या बसवल्या. आणि रुग्णालयातील दार बंद राहिले.

कारण रिकामी जागा रिकामी नव्हती. तिसऱ्या आवृत्तीपासून तिचा अर्थ होता, 'मुख्य मजल्यावरील दाराप्रमाणे'. तो नियम माझा. नेहमीच्या सरावात लिफ्ट तळमजल्यावर येते आणि तिथली जागा भरलेलीच असते. त्या दिवशी आग तळमजल्यावर आहे असे मानले होते, म्हणून लिफ्ट पहिल्यावर थांबली, आणि तिथली जागा रिकामी होती.

हे सर्व मी हिला, म्हणजे माझ्या पत्नीला, चहाच्या वेळी सांगितले. ही म्हणाली, "अहो, बाई वाचली ना? मग बुधवार काय नि गुरुवार काय!"

फरक असतो. मी अहवाल पुन्हा पहिल्यापासून तपासणार आहे.


४ नोव्हेंबर, मंगळवार

अहवालातील शुद्धलेखन उत्तम. तारखा संशयास्पद. सकाळपासून अंगणाच्या फाटकापर्यंत नऊ फेऱ्या झाल्या. बसवत नाही.


६ नोव्हेंबर, गुरुवार

कार्यालयात गेलो. मला बोलावले नव्हते, पण अडवलेही नाही. प्रशिक्षणाच्या खोलीत माझे छायाचित्र अद्याप आहे, खाली 'मेटामॉडेलचे जनक' अशी पाटी. नवे लोक त्याच्यासमोर बसून माझे नियम शिकतात. छायाचित्र किंचित तिरपे झाले होते, सरळ केले.

चाचणी विभागात जी बाई आहे तिला सर्वजण टाचणी म्हणतात. फुगा दिसला की टोचणारच, अशी तिची ख्याती. ती मला काका म्हणते.

"काका, बरं झालं आलात. मॅडमनी अहवालात लिहिलंय की रिकाम्या जागेचा नियम मार्गदर्शिकेत होता आणि आमच्या नजरेतून सुटला. कुठल्या पानावर आहे हो?"

"चौदाव्या असावा."

"चौदाव्यावर कळांचे रंग आहेत."

"मग पंधराव्या."

"पंधरावं पान नाहीच! चौदावर पुस्तिका संपते." तिने ती माझ्यापुढे सरकवली. मागे छपाईचा दिनांक होता: १२ जून, अकरा वर्षांपूर्वीचा.

मी म्हणालो, छापखान्याने पान गाळले असेल. ती म्हणाली, "गाळलं असेल बाई," आणि माझ्याकडे न पाहता चष्मा पुसू लागली.

सूनबाई तिच्या काचेच्या खोलीत होती. मी पुस्तिकेचा विषय काढताच म्हणाली, "बाबा, ते मी बघते. तुम्ही जेवून आलात का?"

आज मला चार जणांनी 'जेवलात का' असे विचारले.


८ नोव्हेंबर, शनिवार

नियम नेमका केव्हा लागू झाला, हे ठरवायलाच हवे. सूनबाईने मार्गदर्शिकेचा छपाईदिनांक, म्हणजे १२ जून, हाच नियमाचा दिनांक धरला आहे. ही तारीख महत्त्वाची आहे. प्रत्येक इमारतीची आज्ञावली लिफ्ट बसवताना एकदाच तयार होई. नियमापूर्वी बसवलेल्या इमारतींत रिकाम्या जागेचा अर्थ खरोखरच 'बंद' होता. तिथे अग्निशमन दलाचा माणूस बाहेरून किल्लीने दार उघडी आणि इमारतीतल्या लोकांना ते ठाऊक असे. नियमानंतरच्या इमारतींत दार आपोआप उघडे. म्हणून सूनबाईने १२ जूननंतरच्या अडतीस लिफ्ट थांबवून दुरुस्त करून घेतल्या, आणि त्यापूर्वीच्या सर्व सुरक्षित ठरवल्या.

मी गेली बेचाळीस वर्षे दैनंदिनी लिहितो. सर्व वह्या बैठकीच्या खोलीतील फडताळात क्रमाने लावलेल्या आहेत. त्या एका वर्षाची नाही.

"वाळवी लागली होती. रद्दीत दिली," ही म्हणाली. विणकाम करत होती. मान वर केली नाही.

"आपल्या घरात वाळवी नाही."

"होती. तुमच्या तेवढ्या एका वहीला."

"डावीकडच्या आणि उजवीकडच्या वहीला सोडून?"

"वाळवीला काय, क्रम कळतो?"

वाळवीच्या सवयींविषयी मी अधिक वाचायला हवे.


९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी स्वयंपाकघरात ही आणि सूनबाई बोलत होत्या. मी पाणी प्यायला गेलो आणि दोघी एकदम गप्प झाल्या. मग ही म्हणाली, "तुमच्या रक्तदाबाच्या गोळीचंच चाललं होतं." गोळी मी वेळेवर घेतो. त्यात कुजबुजण्यासारखे काय आहे?


११ नोव्हेंबर, मंगळवार

अहवालात आणखी एक चूक. 'रिकामी जागा चालणार नाही, हा निर्णय चमूने २४ जून रोजी घेतला.' तो २० जूनला झाला होता असे मला पुसट स्मरते. का स्मरते, ते स्मरत नाही.

बाजारात गेलो आणि काय आणायला आलो तेच विसरून परत आलो. दोनदा.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

वही सापडली. गादीवर नवी चादर घालावी म्हणून मी चादरींचे कपाट उघडले (ही शेजारी गेली होती), तर तळाशी, सर्वांत जुन्या चादरीच्या घडीत होती. वाळवीने तिला स्पर्शही केलेला नाही. आत निळ्या लोकरीचा एक धागा खुणेसारखा ठेवलेला होता. आमच्या घरात निळी लोकर एकच व्यक्ती वापरते.

खूण ज्या पानावर होती, ते पान येथे उतरवून ठेवतो.

'७ मार्च, शुक्रवार. रिकाम्या जागेचा नियम आज लेखनिकात घातला. चालतो. अत्यंत सुबक. यापुढे प्रत्येक मजल्यावर तेच ते लिहिण्याची यातायात वाचेल. नियम मार्गदर्शिकेत सोमवारी लिहीन.'

मी पान उलटले.

'१० मार्च, सोमवार. कर्मचारी विभागाच्या परिपत्रकात सतरा अशुद्धे. "आपणांस कळविण्यास आनंद होत आहे की" या एकाच वाक्यात तीन! सर्व सतरा लाल शाईने दुरुस्त करून, कारणांसह, चार पानी उत्तर पाठवले. दिवस सार्थकी लागला.'

११ मार्च पाहिले. १२ पाहिले. एप्रिल, मे, जून. १२ जूनला लिहिले आहे, 'मार्गदर्शिका छापून आली. मुखपृष्ठ सुरेख.' नियमाचा उल्लेख कोठेही नाही.

म्हणजे छापखान्याने पान गाळले नव्हते.

मी पलंगावर किती वेळ बसलो होतो ते सांगता येत नाही. घड्याळ पाहिले नाही. मग एकाएकी मला जे दिसायला हवे होते ते दिसले. ७ मार्च ते १२ जून. या तीन महिन्यांत बसवलेल्या लिफ्ट अहवालात सुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत. त्या सुरक्षित नाहीत. तिथेही रिकाम्या जागेचा अर्थ 'बंद' नव्हता, आणि तिथेही जुलैत 'बंद' भरले गेले आहे.

सूनबाईला दूरध्वनी केला.

"सात मार्च? बाबा, नक्की?"

"तारखा मी चुकत नाही."

मग तिचा आवाज आला, माझ्यासाठी नव्हता तो: "टाचणी! सात मार्च ते बारा जून, सगळ्या इमारती काढ. आत्ता. हातातलं टाक!" आणि मला म्हणाली, "ठेवते बाबा."

नऊ इमारती निघाल्या. एक अंधशाळेचे वसतिगृह, एक वृद्धांचे निवासस्थान, बाकी सदनिका आणि कचेऱ्या. संध्याकाळी सहापर्यंत नऊही लिफ्ट बंद केल्या.


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नऊ इमारतींतील लोक जिने चढत आहेत आणि कंपनीच्या नावाने खडे फोडत आहेत. मी दिवसभर दूरध्वनीजवळ बसलो. दुपारी साडेतीनला टाचणीचा आला.

"काका, तपासलं. नऊपैकी सात ठिकाणी दार बंदच राहिलं असतं. दोन ठिकाणी मुख्य मजल्यालाच 'बंद' होतं, म्हणून ती वाचली."

"वसतिगृह?"

"सातांतलंच. परवा रविवारी तिथे सराव ठरला होता. मुलं स्वतः लिफ्टने खाली येतात म्हणे, कोणाला बरोबर घेत नाहीत." मग म्हणाली, "आलात ते बरं केलंत, काका. म्हणजे, फोनवर."

हिने संध्याकाळी चादरींचे कपाट उघडले, बंद केले, आणि मला विचारले, "चहा करू?" मी हो म्हणालो. त्या विषयावर आमचे एवढेच बोलणे झाले.


१६ नोव्हेंबर, रविवार

आज झाले ते शक्य तितके शब्दशः लिहितो.

सूनबाईने जेवणानंतर पंगत मोडू दिली नाही. म्हणाली, "बाबा, अहवालात नियमाची तारीख सात मार्च करते. नऊ इमारतींचंही लिहिते. बाकी आहे तसं राहू दे."

"बाकी म्हणजे?"

"मार्गदर्शिकेत होता आणि आम्हाला दिसला नाही, हे."

"मार्गदर्शिकेत नव्हता."

"मला माहितेय." तिने हिच्याकडे पाहिले. "आईंनी सांगितलं होतं. वहीचं."

"एवढंच सांगितलं मी," ही म्हणाली, "की यांनी लिहायचं म्हटलं नि राहून गेलं. तारखेबिरखेचं मला काय कळतंय! मला वाटलं, वही नाही तर काही नाही."

"तारीख तू पाहिली असतीस तर नऊ इमारती दोन आठवडे आधी थांबल्या असत्या."

हिचे डोळे भरून आले. मी खरे तेच बोललो होतो. तरीही ते तसे बोलायला नको होते.

सूनबाई म्हणाली, "आईंना बोलू नका. मी विचारायला हवं होतं तुम्हाला. थेट. मीच टाळलं."

"का टाळलेस?"

"अहो, भिंतीवर तुमचा फोटो आहे तिथे! माझी सही गेली तर मी दुसरं काम बघेन. शिकवेन. काहीही करेन. तुमचं एवढं…"

"वाक्य पूर्ण कर."

ती ताटे गोळा करू लागली.

मी तिला समजावून सांगितले की प्रश्न माझ्या नावाचा नाही. नियम पुस्तकात होता असे अहवालात राहिले, तर आठवी आवृत्ती करणारा माणूस काय समजेल? पुस्तक पाहिले की पुरते, असे. तो आणखी रिकाम्या जागा भरील. माझ्या डोक्यात अशा आणखी किती गोष्टी आहेत ज्या मी सोमवारी लिहिणार होतो, हे मला आज सांगता येत नाही. म्हणूनच तर हे लिहायला हवे.

"सरळ मरणाला टेकल्यासारखं बोलताय," ही म्हणाली. "आधी ताक प्या."


१७ नोव्हेंबर, सोमवार

याच वहीत मागे जाऊन २० जूनचे पान काढले. आता कळले, ती तारीख का स्मरत होती.

'सूनबाईने रात्रीच्या जेवणाच्या वेळी विचारले की, रिकाम्या जागा "बंद"ने भरल्या तर चालेल का. उत्तर दिले: अवश्य, संदिग्धता हा दोष आहे. पुढे "चालेल" या क्रियापदाच्या अतिवापराविषयी थोडे बोललो.'

तिने विचारले होते. मला विचारले होते. आणि मी होकार दिला होता.

अहवालात याची एक ओळही नाही. तिथे तो निर्णय चार दिवसांनी, चमूने, आपापसांत घेतलेला आहे.

अहवालातील चुका आज एका कागदावर मांडल्या. पहिली सोडली तर सर्व एकाच बाजूला झुकलेल्या आहेत. निष्काळजी माणसाच्या चुका दोन्ही बाजूंना पडतात. मी दोन आठवडे एका अत्यंत काळजीपूर्वक लिहिलेल्या अहवालाला निष्काळजी म्हणत होतो.

फाटकापर्यंत किती फेऱ्या झाल्या, मोजल्या नाहीत.


१९ नोव्हेंबर, बुधवार

समितीतील निरीक्षकांना दूरध्वनी केला. मला बैठकीपूर्वी साक्ष द्यायची आहे असे सांगितले.

"आजोबा, अहवाल दाखल झालाय. तारखांसाठी बैठक पुढं नाही ढकलता येत."

"मी आपला आजोबा नाही. आणि बैठक ढकलू नका, अहवाल सुधारा."

"किती चुका आहेत?"

"पाच. आणि एक जबाबदारी."

ते हसले, पण मग गंभीर होऊन म्हणाले, "लेखी द्या. सही करून. शुक्रवारपर्यंत."


२० नोव्हेंबर, गुरुवार

पत्र लिहिले. सहा मसुदे झाले. पाचव्यात अलंकार होते, काढले.

सूनबाईला दाखवले. ती उभ्याउभ्याच वाचत होती. शेवटी येता येता खुर्चीत बसली. म्हणाली, "बाबा, मी टाइप करून देऊ?"

"नको. तुझ्या तारखा चुकतात."

ती हसली. मग तोंड धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता. पाणी वाया जाते. तिला एकदा सांगायला हवे. आज नको.

हिने विचारले, चिरंजीवांना कळवायचे का. मी म्हणालो, "कळवू. मीच लिहितो." ही म्हणाली, "लिहा, पण त्याच्या पत्रातली अशुद्धं परत पाठवू नका या खेपेला."


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दहा वाजता स्वतः जाऊन पत्र दिले. पोच घेतली. परतताना कार्यालयात थांबून मार्गदर्शिकेच्या मूळ प्रतीचे काम उरकले. मूळ अहवालातील तारखांची यादी माझ्या माहितीसाठी येथे मांडतो.

रुग्णालयातील घटना. अहवालात: १६ ऑक्टोबर. बरोबर: १५ ऑक्टोबर, बुधवार.

रिकाम्या जागा 'बंद'ने भरण्याचा निर्णय. अहवालात: २४ जून, चमूने. बरोबर: २० जून, शुक्रवार. निर्णयापूर्वी मला विचारण्यात आले होते आणि मी संमती दिली होती. जुने नियम जाणणारा मी एकटाच होतो.

रिकाम्या जागेचा नियम लेखनिकात घातल्याचा दिनांक. अहवालात: १२ जून, अकरा वर्षांपूर्वी. बरोबर: त्याच वर्षीचा ७ मार्च. या दोन तारखांमधील नऊ इमारती अहवालात सुरक्षित म्हटल्या होत्या. त्यांपैकी सात नव्हत्या.

धोकादायक लिफ्ट थांबवण्याचे काम पूर्ण झाल्याचा दिनांक. अहवालात: २८ ऑक्टोबर. बरोबर: १३ नोव्हेंबर, सायंकाळी सहा. विलंबाचे कारण चमू नव्हे. योग्य तारीख ठाऊक असलेल्या माणसाला ती कोणी विचारली नाही, आणि त्यानेही ती अकरा वर्षे कोणाला सांगितली नाही.

नियम मार्गदर्शिकेत लिहिल्याचा दिनांक. अहवालात: १२ जून, अकरा वर्षांपूर्वी. बरोबर: २१ नोव्हेंबर, म्हणजे आज, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, माझ्या हस्ताक्षरात.